गणपतीला गावी जाण्याआधी डायपर सोडवावा की परत आल्यावर?

डोंबिवलीकर आई

नमस्कार. आमचा मुलगा या आठवड्यात २५ महिन्यांचा झाला. त्याचा डायपर केव्हा सोडवायचा यावर घरात महिनाभर बोलणे चालू आहे. आता प्रवासाच्या तारखा जवळ आल्यामुळे काहीतरी ठरवणे भाग आहे, म्हणून येथे अनुभवी पालकांचा सल्ला मागते आहे.

आम्ही दोघेही नोकरी करतो आणि मुलगा सकाळी नऊपासून संध्याकाळी साडेसहापर्यंत पाळणाघरात असतो. गणपतीला आजपासून पाच आठवडे आहेत. दरवर्षीप्रमाणे ठाण्याहून रात्रीच्या गाडीने कुडाळला आणि तेथून आमच्या गावी जायचे आहे. घरचा गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत असतो, त्यामुळे जाऊन-येऊन तेरा दिवस मोडतील. त्यानंतर अडीच महिन्यांनी, डिसेंबरच्या मध्यावर, नणंदेकडे न्यू जर्सीला तीन आठवड्यांसाठी जाण्याचे ठरले असून तिकिटेही काढून झाली आहेत. पुढच्या जूनमध्ये त्याला बालवाडीत घालायचे आहे आणि आम्ही पाहून आलेल्या दोन्ही शाळांनी प्रवेशाच्या वेळी मूल डायपरमध्ये नसावे असे स्पष्ट सांगितले आहे.

घरात तीन मते आहेत. माझे मत असे की पाच आठवडे पुरेसे आहेत, तेव्हा पुढच्या जोडून आलेल्या सुट्टीत सुरुवात करावी. सासूबाईंना वाटते की गावीच सुरुवात करावी, कारण तेथे अंगण आहे, माणसे आहेत, मूल उघडे फिरले तरी कुणाची गैरसोय होत नाही. यजमानांचे म्हणणे असे की दोन्ही प्रवास उरकून जानेवारीत निवांतपणे हात घालावा. तोवर तो तीस महिन्यांचा होईल आणि शिकवणेही सोपे जाईल.

मुलाबद्दल सांगायचे तर आठवड्यातले तीन-चार दिवस दुपारच्या झोपेतून उठल्यावर त्याचा डायपर कोरडा असतो. शी आली की तो खेळ सोडून दिवाणखान्यातल्या पडद्यामागे जाऊन उभा राहतो आणि झाल्यावर बाहेर येऊन "शी झाली" असे सांगतो. शूबद्दल मात्र काहीच सांगत नाही. दोन-तीन शब्दांची वाक्ये बोलतो, "चप्पल घे आणि बाबाला दे" एवढे सांगितलेले समजते, पण चड्डी स्वतः खाली ओढता येत नाही.

गावच्या घराची अडचण वेगळी आहे. संडास परसात आहे, मागच्या दारापासून दहा-बारा पावलांवर, आणि तो भारतीय बैठकीचा आहे. भाद्रपदात पाऊस असतोच, तेव्हा रात्री छत्री आणि बॅटरी घेऊन जावे लागते. त्या दिवसांत घरात पंचवीस माणसे असतात. आमच्या येथे कमोड आहे आणि मुलाने आजवर दुसरा प्रकार पाहिलेला नाही. हे सगळे लक्षात घेता आपण काय केले असते?

दोन लेकींची आई, कोल्हापूर

ताई, तुमचा प्रश्न वाचताना मला माझ्या थोरलीचे दिवस आठवले, म्हणून सविस्तर लिहिते.

थोरली २६ महिन्यांची असताना माझ्या भावाचे लग्न नागपूरला होते. लग्नाच्या आठवडाभर आधी मला चार दिवस सुट्टी मिळाली आणि मी त्या चार दिवसांत तिचा डायपर सोडवला. तिसऱ्या दिवसापासून ती शू सांगू लागली, पाचव्या दिवशी एकदाही चड्डी ओली झाली नाही, आणि काम झाले अशी माझी पक्की समजूत झाली. सहाव्या दिवशी आम्ही महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसलो. डब्यातल्या शौचालयात तिला नेले तेव्हा खालून येणारा खडखडाट, हलणारी जमीन आणि ते स्टीलचे भांडे पाहून तिने माझ्या गळ्याला घातलेली मिठी सोडलीच नाही. पाच तास तिने शू धरून ठेवली. शेवटी मीच तिला डायपर घातला तेव्हा लगेच झाली.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. लग्नघरी चार दिवस तिला शी झाली नाही. ती कोपऱ्यात जाऊन टेबलाचा पाय धरून चवड्यांवर उभी राही, पाय एकमेकांत घट्ट आवळी आणि चेहरा लाल होई. आम्हाला वाटे की ती जोर करते आहे, म्हणून आम्ही सगळे तिला "कर, कर" म्हणत होतो. प्रत्यक्षात ती शी आत ओढून धरत होती, हे पुढे डॉक्टरांनी समजावून सांगितले. पाचव्या दिवशी कडक शी झाली, थोडे रक्त आले, आणि त्या दुखण्याची भीती तिच्या मनात बसली. ती भीती जायला तीन महिने लागले. डॉक्टरांनी शी मऊ ठेवणारे औषध दिले, आम्ही डायपर परत आणला, आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले.

धाकटीच्या वेळी मी मे महिन्याच्या सुट्टीतला प्रवास आधी होऊ दिला आणि जूनमध्ये शाळा-कचेऱ्या सुरू होऊन घराला वळण लागल्यावर सुरुवात केली. तिला कोरडे राहायला जवळपास अडीच आठवडे लागले, म्हणजे थोरलीपेक्षा बरेच जास्त. पण त्यानंतर आणखी महिनाभर आम्ही कुठेच गेलो नाही. पुढे गोव्याला गेलो तेव्हा तिने हॉटेलात, ढाब्यावर, नातेवाइकांकडे, कुठेच अडचण केली नाही. माझ्या मते मूल किती दिवसांत शिकले याला फारसे महत्त्व नाही. शिकल्यानंतर ते त्याच घरात, त्याच माणसांत किती दिवस राहिले, यावर प्रवासातले सगळे अवलंबून असते.

या हिशेबाने तुमचे पाच आठवडे दिसतात तेवढे मोठे नाहीत. त्यातले शनिवार-रविवार आणि सुट्ट्या धरून दहा-बारा दिवसच मूल तुमच्याजवळ असेल. बाकीचे दिवस पाळणाघरातल्या ताई काय करतात यावर आहेत. त्यांच्याकडे आठ मुले असतील आणि त्या दर तासाला त्याला बसवू शकणार नसतील, तर तो घरी एक आणि तेथे दुसरे शिकेल. म्हणून आधी त्यांच्याशी बोला. त्या मनापासून तयार नसतील तर गणपतीआधी सुरू करू नये.

आणखी एक, वेगळे असले तरी सांगते. गाडीत डायपर बदलला तर तो शौचालयात टाकू नये. आता डब्यांत जैवशौचालये आहेत आणि डायपरने ती तुंबतात. पिशवीत गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकावा.

बालरोगतज्ज्ञ, नाशिक

कोल्हापूरच्या ताईंनी वर्णन केलेले शी धरून ठेवणे माझ्याकडे येणाऱ्या मुलांत नेहमी दिसते. प्रवासाच्या निर्णयात तोच सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे असे मला वाटते, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो.

लहान मुलाने एकदा दुखऱ्या शीचा अनुभव घेतला की ते पुढची शी अडवते. अडवलेल्या शीतले पाणी मोठ्या आतड्यात शोषले जाते, ती आणखी कडक आणि जाड होते, आणि पुढच्या वेळी आणखी दुखते. हे चक्र एकदा सुरू झाले की शिकवण्याने किंवा समजावण्याने सुटत नाही. आधी शी मऊ करावी लागते आणि बरेच आठवडे मऊ ठेवावी लागते. प्रवासात पाणी कमी पिणे, जागरण, मैदा आणि गोडधोड जास्त, भाजी कमी, आणि बसायला अनोळखी जागा, असे सगळे एकदम जमून येते. म्हणून मुलाची शी आजच कडक होत असेल, दोन-तीन दिवसांआड होत असेल किंवा करताना तो रडत असेल, तर गणपतीआधीही नाही आणि नंतरही लगेच नाही. आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवून तो त्रास बरा करावा. ती मऊ आणि नियमित असेल तर पुढचा विचार करता येतो.

आता तयारीबद्दल. मुलाला ही जाणीव टप्प्याटप्प्याने येते. आधी झाल्यावर कळते, मग होत असताना कळते आणि शेवटी होण्याआधी कळते. तुमचा मुलगा पडद्यामागे जातो, म्हणजे शीच्या बाबतीत त्याला आधी कळते, आणि ही फार चांगली खूण आहे. शूच्या बाबतीत तो अजून पहिल्या टप्प्यावरही आलेला नाही. झोपेनंतर डायपर कोरडा असणे म्हणजे मूत्राशयात दोन तासांची शू मावू लागली आहे. चड्डी खाली ओढणे शिकवता येते. त्यासाठी सैल इलॅस्टिकच्या चड्ड्या आणाव्यात आणि बटण, नाडी, पट्टा हे सारे काही महिने कपाटात ठेवावे. एकंदरीत तो दाराशी आला आहे, पण आत आलेला नाही.

वयाची घाई करू नये, यालाही आधार आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली १,१७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांत मुलाच्या कलाने शिकवल्यावर दिवसा कोरडे राहण्याचे सरासरी वय साडेअठ्ठावीस महिने आले होते. २००३ साली तेथेच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसले की २७ महिन्यांच्या आधी नेटाने सुरुवात केलेल्या बहुतेक मुलांचे शिकणे त्यामुळे लवकर पूर्ण झाले नाही, उलट शिकण्याचा काळ लांबला. ही आकडेवारी अमेरिकेतली आहे आणि आपल्याकडची घरे, कपडे व सवयी वेगळ्या आहेत, हे मान्य करूनही एवढे म्हणता येते की गणपतीनंतर सुरू केल्याने तुमच्या मुलाचे काहीच नुकसान होणार नाही.

माझा सल्ला म्हणून असा की गणपतीहून परतल्यावर आठवडाभराने सुरुवात करावी. तेव्हा तो २७ महिन्यांचा असेल आणि डिसेंबरच्या प्रवासापर्यंत जवळजवळ दहा आठवडे सलग मिळतील. एवढा मोकळा काळ तुमच्या वेळापत्रकात त्याआधी कुठेच नाही. जानेवारीपर्यंत थांबण्यातही वैद्यकीय दृष्ट्या काही चूक नाही, परंतु मूल जाणीव दाखवू लागल्यावर फार लांबवले तर डायपरमध्येच करण्याची सवय घट्ट होते आणि अडीच वर्षांचा हट्टही त्यात येऊन मिसळतो, म्हणून मी ऑक्टोबरला पसंती देईन.

रात्रीचा विचार पूर्ण वेगळा ठेवावा. रात्री कोरडे राहणे हे शिकवून येत नाही; ते झोपेत शू कमी तयार होण्यावर आणि भरलेल्या मूत्राशयाने जाग येण्यावर अवलंबून असते. पाचव्या वर्षीही सुमारे १५ टक्के मुले अंथरूण ओले करतात आणि त्याआधी आम्ही त्याला आजार मानतच नाही. म्हणून रात्रीच्या गाडीत आणि विमानात डायपर घालण्याबद्दल मनात कोणताही संकोच ठेवू नये. मात्र शू करताना मूल रडत असेल, ताप असेल किंवा शूला फार उग्र वास येत असेल, तर ती सवयीची बाब समजू नये आणि तपासणी करून घ्यावी.

आजी, सांगली

डॉक्टरांनी लिहिलेले मला पटले, तरी आमच्या पिढीची बाजू मांडते, कारण या बाबतीत तुमच्या सासूबाईंचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही.

आमच्या वेळी डायपर नव्हते, लंगोट होते. मूल मान धरू लागले की पाटावर बसून आम्ही त्याला दोन्ही पावलांवर घेत असू आणि तोंडाने "शूऽऽ शूऽऽ" असा आवाज करत असू. सकाळी उठल्यावर, दूध पिऊन झाल्यावर, आंघोळीआधी, असे ठरावीक वेळी. वर्षाच्या मुलाला त्या आवाजाने शू होई. याला तुम्ही शिकणे म्हणाल की सवय म्हणाल, याबद्दल वाद होऊ शकतो. मूल स्वतःहून सांगायला लागायला आमच्याकडेही दोन-अडीच वर्षे लागतच असत, हे मी प्रामाणिकपणे मान्य करते. पण ओल्या लंगोटाची ओल त्याला लगेच जाणवे. आजच्या डायपरमध्ये शू शोषली जाते आणि मुलाला ओलाव्याचा पत्ताच लागत नाही. तुमचा मुलगा शूबद्दल काही सांगत नाही, त्याचे एक कारण हेच असावे. म्हणून आता घरी असताना रोज तास-दोन तास साध्या सुती चड्डीत ठेवा. बसवायचे नाही, विचारायचे नाही, फक्त त्याला ओले म्हणजे काय ते कळू द्या.

मात्र गावी सुरुवात करायचीच असेल तर ती मे महिन्यात करावी, गणपतीत नव्हे. मोठ्या कुटुंबात गणपती पाहिलेली कुणीही बाई हे सांगेल. घरात सोवळे असते, नैवेद्याचा स्वयंपाक असतो, दिवसातून दोनदा आरती असते, रात्री भजनी मंडळ येते, आणि मूल अकराला झोपते. अशा घरात देवाच्या खोलीत किंवा माजघरात मुलाने शू केली तर तुम्ही काही बोलणार नाही, पण दहा तोंडांतून एकदम "अरे, अरे, अरे!" निघते. कुणाचाही हेतू वाईट नसतो. परंतु दोन वर्षांच्या जिवाला एवढेच कळते की त्याच्याकडून काहीतरी फार भयंकर घडले. पुढे ते मूल शू आली तरी सांगत नाही, लपते. ही भीती घरातल्या ओल्या फरशीपेक्षा कितीतरी महाग पडते.

गावचा दुसरा उपयोग मात्र करून घ्या. तेथे चार-पाच वर्षांची चुलत भावंडे असतील. मूल आईबापांचे ऐकते त्यापेक्षा त्या भावंडांचे पाहून जास्त शिकते. त्यांच्याबरोबर त्याला परसात जाऊ द्या, संडासात दिवसाउजेडी नेऊन दाखवा, तांब्याने पाणी ओतू द्या. भारतीय संडासाची मुलांना भीती वाटते ती खोल भोकाची आणि पाय घसरण्याची. मोठ्या माणसाने मागे उभे राहून काखेत हात घालून धरावे आणि मुलाने तुमचे दोन्ही मनगट घट्ट पकडावे. पाय टेकलेले राहिले की भीती निम्मी होते. पहिल्या दिवशी कपडे घालूनच नुसते बसून पाहावे. दिवसातून एकदा, तेही त्याची इच्छा असेल तर.

एडिसनहून

मी न्यू जर्सीतच राहते आणि दोन मुलांना घेऊन चार वेळा भारतात येऊन गेले आहे, म्हणून फक्त डिसेंबरबद्दल लिहिते. बाकीचे येथे आधीच उत्तम सांगितले गेले आहे.

मुंबईहून न्यूअर्कला थेट विमानाने सोळा-सतरा तास लागतात. त्यातला अडचणीचा भाग तेवढाच, जेव्हा पट्टे बांधून बसावे लागते. विमान धावपट्टीवर रांगेत थांबले की तो पाऊण-एक तासही होतो आणि तेव्हा मूल कितीही सांगत असले तरी उठता येत नाही. मुलाने सांगितले, आपण नेले नाही आणि चड्डीत झाली, असे घडले की त्याच्या मनाने सांगण्याला अर्थ उरत नाही. त्यापेक्षा आधीच ओढून घालायच्या चड्डीसारखा डायपर घालावा, आणि उठता येईल तेव्हा शौचालयातही न्यावे. विमानाच्या शौचालयात पाणी सोडताना मोठा फुस्स आवाज होतो. माझा मुलगा त्याने इतका दचकला की पुढचे अकरा तास आत यायला तयार नव्हता. मुलाला बाहेर काढून मग बटण दाबावे.

येथल्या मॉल आणि विमानतळांवर बऱ्याच कमोडना आपोआप पाणी सोडणारा डोळा असतो. लहान मूल थोडे हलले तरी ते बसलेले असतानाच पाणी सुटते. मी पर्समध्ये चिकटणाऱ्या छोट्या कागदांची वही ठेवते आणि बसवण्याआधी त्या डोळ्यावर एक कागद लावते.

वेळेचा फरक हिवाळ्यात साडेदहा तासांचा असतो. मुलाचे शरीर पहिला आठवडा भारताच्याच वेळेवर चालते, त्यामुळे रात्री दोन वाजता त्याला भूक लागते आणि दिवसासारखी भरपूर शू होते. भारतात रात्री कोरडे राहणारे मूलही त्या आठवड्यात अंथरूण ओले करते. आणि डिसेंबरच्या थंडीत थर्मल, त्यावर पँट, त्यावर लांब कोट असे असताना मूल जेव्हा "शू" म्हणते, तेव्हापासून ते सगळे उतरेपर्यंतचा वेळ त्याला झेपत नाही. बाहेर पडताना दरवेळी आधी नेऊन आणणे हाच उपाय आहे. नणंदेच्या घरी सगळ्यांना त्याचे शब्द सांगून ठेवा. माझ्या मुलाने एकदा शेजाऱ्यांकडे तीन वेळा "शू आली" सांगितले आणि त्यांना तो बूट मागतो आहे असे वाटले.

डोंबिवलीकर आई

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. काल पाळणाघरातल्या ताईंशी बोलले. त्यांनी स्पष्टच सांगितले की गणपतीआधीच्या आठवड्यात त्यांची मदतनीसही गावी जाणार आहे, तेव्हा आता नको. परत आल्यावर त्या सकाळी दोनदा, जेवणानंतर आणि झोपेनंतर असे ठरवून बसवतील. त्यामुळे आता सुरू न करण्याचे ठरवले आहे. तोवर संध्याकाळी सुती चड्डी आणि सैल इलॅस्टिक एवढेच करीन. शी मऊ आहे, रोज होते, ती काळजी नाही.

एकच विचारते. घरी वापरायची प्लॅस्टिकची छोटी पॉटी मी आणली आहे. ती गावी न्यावी का? सासूबाई म्हणतात की नेली तर आग्रह आलाच.

बालरोगतज्ज्ञ, नाशिक

न्यावी आणि न्हाणीघरात एका बाजूला नुसती ठेवावी. त्यावर बसण्याबद्दल मोठ्यांपैकी कुणीही एक शब्द बोलू नये, असे सासूबाईंनाच सांगून टाका. त्यांच्या शब्दाला घरात मान असेल, तर त्याच इतरांना थांबवतील.

डोंबिवलीकर आई

तीन महिन्यांनी पुन्हा लिहिते आहे. येथे मिळालेल्या सल्ल्याचे पुढे काय झाले हे सांगणे मला आवश्यक वाटते.

गावी आम्ही काहीच शिकवले नाही. पॉटी न्हाणीघरात चुलीजवळच्या कोपऱ्यात ठेवली होती. पाचव्या की सहाव्या दिवशी सकाळी माझ्या चुलत दिरांचा साडेचार वर्षांचा मुलगा दात घासत होता आणि आमचा चिरंजीव त्याच्यासमोर, चड्डीसकट, पॉटीवर बसून त्याच्याकडे पाहत होता. त्याला कुणी बसवले नव्हते. सासूबाईंनी मला डोळ्यांनी खुणावले आणि आम्ही दोघी काही न बोलता बाहेर आलो. त्यानंतर तो रोज सकाळी तसाच बसू लागला. परसातल्या संडासाची मात्र त्याला शेवटपर्यंत भीती वाटली. दारापर्यंत येई, तांब्याभर पाणी ओती आणि परत फिरे. आम्ही तेवढ्यावरच थांबलो.

२ ऑक्टोबरची सुट्टी आणि त्याला जोडून आलेला शनिवार-रविवार यांत सुरुवात केली. पहिल्या दिवशी नऊ वेळा चड्डी ओली झाली आणि संध्याकाळी मला रडू आले. तिसऱ्या दिवशी चार वेळा. सोमवारी पाळणाघरात सहा चड्ड्या देऊन पाठवले, पाच ओल्या परत आल्या. ताईंनी ठरल्याप्रमाणे वेळा पाळल्या आणि अकराव्या दिवशी पहिल्यांदा पिशवीतल्या सगळ्या चड्ड्या कोरड्या घरी आल्या. शू सांगायला तो दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी लागला. त्याआधी आम्हीच नेत होतो.

शीने जास्त दिवस घेतले. तो शीसाठी डायपर मागून घेई, पडद्यामागे जाई आणि झाल्यावर काढायला सांगे. मला कोल्हापूरच्या ताईंच्या लेकीचे चवड्यांवर उभे राहणे आठवत होते, म्हणून मी डायपर नाकारला नाही. आमच्या डॉक्टरांनी सुचवल्याप्रमाणे आधी पडद्याऐवजी न्हाणीघरात उभे राहून, मग डायपर घालूनच पॉटीवर बसून, आणि शेवटी डायपर सैल करून, असे एकेक पाऊल टाकले. तेविसाव्या दिवशी डायपरशिवाय झाली. या तेवीस दिवसांत एकही दिवस त्याने धरून ठेवली नाही, याचे मला सर्वांत मोठे समाधान आहे.

दिवाळीत मुद्दाम फक्त दोन रात्रींसाठी पुण्याला माहेरी जाऊन पाहिले. तेथे पहिल्या दिवशी दोनदा चड्डी ओली झाली, दुसऱ्या दिवशी एकदाही नाही. परत आल्यावर घरी काही बिघडले नाही. आता न्यू जर्सीला निघायला चार आठवडे आहेत. विमानासाठी ओढून घालायचे डायपर आणले आहेत आणि त्याला आतापासूनच "ही विमानाची चड्डी" असे सांगून ठेवले आहे. चिकटणाऱ्या कागदांची वही पर्समध्ये टाकली आहे. रात्रीचा डायपर आम्ही अजून काढलेला नाही आणि परत येईपर्यंत काढणारही नाही.